गोविंद स्वरूप आणि खोडदची दुर्बीण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे-नाशिक रस्त्यावरून जाताना नारायणगावच्या आसपास शेतांच्या मागे जाळीच्या अवाढव्य तबकड्या दिसतात. गाडीतलं कोणीतरी हमखास विचारतं, "हे काय आहे?" आणि उत्तर बहुतेकदा "सॅटेलाइटचं काहीतरी" असं मिळतं. खोडद गावच्या रेडिओ दुर्बिणीच्या या तबकड्यांविषयी आणि त्या ज्यांच्या डोक्यातून निघाल्या त्या माणसाविषयी नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

गोविंद स्वरूप म्हणजे नक्की कोण?

भारतात रेडिओ खगोलशास्त्र ज्यांनी उभं केलं ते शास्त्रज्ञ. 23 मार्च 1929 रोजी उत्तर प्रदेशातल्या मुरादाबाद जिल्ह्यात, ठाकुरद्वारा या गावी जन्म. अलाहाबाद विद्यापीठातून 1950 साली भौतिकशास्त्रात एम.एस्सी. 7 सप्टेंबर 2020 रोजी पुण्यात निधन. या दोन तारखांच्या मध्ये कल्याण, उटी आणि खोडद अशा तीन ठिकाणी तीन रेडिओ दुर्बिणी उभ्या राहिल्या. शिवाय टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, म्हणजे टीआयएफआरचं, पुण्यातलं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र उभं राहिलं. पुण्यात सगळे त्याला एनसीआरए म्हणतात.

ते मराठी होते का?

नाही. पण त्यांच्या कामाचा मोठा भाग मुंबईत, कल्याणात, पुण्यात आणि जुन्नर तालुक्यात झाला. खोडदच्या पंचक्रोशीत "स्वरूप सर" म्हटलं की वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

रेडिओ दुर्बिणीला डोळा लावून काय दिसतं?

काहीच नाही, कारण डोळा लावायला जागाच नसते. तारे, दीर्घिका, सूर्य, दोन दीर्घिकांमधला वायू हे सगळे प्रकाशाबरोबर रेडिओलहरीही बाहेर टाकतात. 1930च्या दशकात कार्ल जान्स्की या अमेरिकी इंजिनिअरला टेलिफोन सेवेतली खरखर शोधता शोधता आकाशगंगेतून येणाऱ्या लहरी सापडल्या, तिथून या शास्त्राची सुरुवात झाली. रेडिओ दुर्बीण या लहरी गोळा करते, अँटेना त्यांचं विद्युत संदेशात रूपांतर करते आणि संगणक त्यावरून चित्र तयार करतो. ढग असोत, दिवस असो, फरक पडत नाही. फरक पडतो तो माणसाने केलेल्या रेडिओ-गोंगाटाचा. त्याबद्दल पुढे येईलच.

स्वरूप या शास्त्राकडे कसे वळले?

ठरवून नाही. 1950 साली ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत रुजू झाले. संचालक होते के. एस. कृष्णन, म्हणजे रामन यांचे जुने सहकारी. कृष्णन यांनी या नव्या पोराला चुंबकीय अनुस्पंदनाचं उपकरण बनवायला सांगितलं आणि स्वरूप यांनी ते युद्धातून उरलेल्या रडारच्या सुट्या भागांतून बनवलं. 3 सेंटीमीटर लहरींवर हात बसला तो तिथे. 1952 साली कृष्णन सिडनीला एका परिषदेला गेले. तिथल्या सीएसआयआरओ या संस्थेत जोसेफ पॉसी यांचा गट रडारवाल्यांच्याच कौशल्यावर आकाशाचा अभ्यास करत होता. कृष्णन भारावून परतले आणि पुढच्याच वर्षी कोलंबो योजनेची शिष्यवृत्ती देऊन स्वरूप आणि आर. पार्थसारथी यांना त्यांनी सिडनीला धाडलं.

जगातला त्या घडीचा सगळ्यात जोमदार रेडिओ खगोलशास्त्राचा गट तो. ख्रिश्चनसेन, मिल्स, वाइल्ड, बोल्टन अशी मंडळी. या शास्त्रात पुढे ज्यांची नावं झाली त्यांच्यातले निम्मे एकाच आवारात डबा खात असतील.

ऑस्ट्रेलियातून त्यांनी भंगारातल्या अँटेना आणल्या, हे खरं का?

आणल्या हे खरं, भंगार म्हणणं अन्यायाचं. सिडनीजवळ पॉट्स हिल इथे पाण्याच्या साठवण तलावाच्या काठाने ख्रिश्चनसेन यांनी 32 छोट्या तबकड्यांची रांग लावली होती. प्रत्येकीचा व्यास 6 फूट, म्हणजे साधारण 1.8 मीटर. सूर्य न्याहाळण्यासाठीची ही रचना. स्वरूप आणि पार्थसारथी यांनी ती 500 मेगाहर्ट्झवर चालेल अशी बदलून घेतली आणि शांत सूर्याची कड मधल्या भागापेक्षा उजळ दिसते का, हा वाद हाती घेतला. केंब्रिजच्या मोजणीत कड उजळ दिसली नव्हती, यांच्या मोजणीत ती दिसली.

ख्रिश्चनसेन यांची नवी, मोठी रचना दुसरीकडे होणार म्हटल्यावर या 32 तबकड्या निकालात निघणार होत्या. स्वरूप यांनी पॉसींना सरळ विचारलं, त्या भारताला देता का? पॉसी तयार झाले. अडलं ते बोटीच्या भाड्यापाशी. रक्कम फार नव्हती, पण परकीय चलनात होती आणि त्या काळात त्यासाठी दिल्लीत कागद किती टेबलं फिरायचा हे सांगायला नको. तबकड्या आल्या, पण उशिरा, आणि नंतर वर्षानुवर्षं पडून राहिल्या. स्वरूप 1955 मध्ये दिल्लीत परत येऊन त्यांची वाट पाहत होते. शेवटी 1956 साली ते अमेरिकेला गेले.

अमेरिकेत काय केलं?

आधी टेक्सासमध्ये फोर्ट डेव्हिस इथल्या हार्वर्डच्या केंद्रावर सौर स्फोटांच्या नोंदी. तिथे अॅलन मॅक्सवेल यांच्याबरोबर त्यांनी एक नवा प्रकार ओळखला. स्फोटाच्या वेळी येणाऱ्या रेडिओलहरींची वारंवारता आधी खाली येते आणि मग पुन्हा वर चढते, त्यामुळे आलेखावर इंग्रजी यू अक्षरासारखा आकार उमटतो. सूर्यावरच्या चुंबकीय कमानीतून इलेक्ट्रॉन वर चढतात आणि दुसऱ्या बाजूने उतरतात, त्याची ही खूण. आजही त्याला "यू-प्रकारचा स्फोट" म्हणतात.

मग स्टॅनफर्डला रोनाल्ड ब्रेसवेल यांच्याकडे पीएच.डी. तिथलं त्यांचं एक काम सामान्य वाचकाला रुक्ष वाटेल, पण व्यवसायातल्या माणसाला विचारा. दूरदूरच्या अँटेनांमधून येणाऱ्या संदेशांचा मेळ बसायचा तर केबलमध्ये किती उशीर लागतो ते अचूक कळायला हवं, आणि ऊन वाढलं की केबल लांब होते. स्वरूप आणि के. एस. यांग यांनी मध्यवर्ती खोलीतून संदेश पाठवायचा आणि अँटेनापाशी त्यावर खूण उमटवून तोच परत घ्यायचा, अशी जा-ये पद्धत काढली. मोजणी खोलीत बसून होऊ लागली. जगभरच्या अनेक दुर्बिणींनी पुढे ही पद्धत उचलली.

स्टॅनफर्डची नोकरी सोडून ते परत का आले?

एका तारेमुळे. टेलिग्रामवाली तार. 1961 च्या ऑगस्टमध्ये बर्कलीला आंतरराष्ट्रीय खगोल परिषद होती. तिथे परदेशात काम करणारे चार भारतीय भेटले: स्वरूप, टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि टी. कृष्णन. चौघांनी मिळून भारतातल्या वैज्ञानिक संस्थांच्या प्रमुखांना एक प्रस्ताव पाठवला. आम्ही एकत्र परत येतो, रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभा करू द्या, असा त्याचा आशय. टीआयएफआरचे प्रमुख होमी भाभा यांनी मोठ्या शास्त्रज्ञांकडून चौघांची चौकशी केली आणि जानेवारी 1962 मध्ये होकाराची तार केली.

आता यात गंमत अशी, की चौघांपैकी ठरल्याप्रमाणे आधी आले आणि कायमचे राहिले ते एकटे स्वरूप. 1963 च्या एप्रिलमध्ये ते टीआयएफआरमध्ये दाखल झाले. मेनन आणि कुंडू नंतर काही वर्षं येऊन गेले. चौघांचं आश्वासन एकट्याने निभावलं असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

कल्याणला रेडिओ दुर्बीण होती?

होती, आणि कल्याणकरांना हे सहसा माहीत नसतं. सिडनीहून आलेल्या त्याच 32 तबकड्या दिल्लीतून मागवून घेऊन स्वरूप आणि त्यांच्या नवख्या विद्यार्थ्यांनी 1965 साली कल्याणजवळ मांडल्या. 24 पूर्व-पश्चिम, 8 उत्तर-दक्षिण. 610 मेगाहर्ट्झवर सूर्याचा अभ्यास झाला. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे विजय कपाही यांच्यासारखी पोरं हात काळे करून शिकली. थोडीच वर्षं चालली ती, पण उटीचं काम करणारी माणसं इथे तयार झाली.

उटीच्या दुर्बिणीत एवढं विशेष काय?

इथे थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण माझ्या मते स्वरूप यांची खरी प्रतिभा उटीत दिसते.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून तारे सरकत जातात. मोठी दुर्बीण ताऱ्यामागे फिरवायची तर तिला दोन दिशांनी वळवणारी अवजड यंत्रणा लागते आणि पैसा तिथेच खर्च होतो. दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवता आला तर ती एकाच अक्षावर हळूहळू फिरवली की पुरते. पण पृथ्वीचा अक्ष आपल्या क्षितिजाशी अक्षांशाइतका कोन करतो. उत्तर ध्रुवाजवळच्या देशात एवढी लांब दुर्बीण उभी कशी करणार? दक्षिण भारतात मात्र अक्षांश 11 अंश. म्हणजे उत्तर-दक्षिण जाणारा, बरोबर 11 अंश उताराचा डोंगर सापडला तर त्यावर दुर्बीण नुसती निजवून ठेवायची.

नकाशे घेऊन मंडळी डोंगर शोधत हिंडली आणि नीलगिरीत उटीजवळ मुथोराईला तो उतार सापडला. तिथे 530 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद अशी पन्हळीसारखी दुर्बीण बांधली. 24 पोलादी कमानी आणि त्यांच्यावर ताणलेल्या 1100 स्टेनलेस स्टीलच्या तारा. अख्खी दुर्बीण लाटण्यासारखी आपल्या लांबीभोवती फिरते आणि एकाच ताऱ्याचा जवळपास साडेनऊ तास पाठलाग करते. उत्तर-दक्षिण वळायला तिला हलावं लागत नाही. मध्यरेषेवरच्या 1056 द्विध्रुवांच्या, म्हणजे छोट्या अँटेनांच्या, संदेशांची जुळणी बदलली की नजर सरकते.

24 जानेवारी 1966 रोजी भाभा माँ ब्लाँच्या विमान अपघातात गेले. प्रकल्प तिथेच थांबला असता तर कोणाला नवल वाटलं नसतं. भाभांनंतर टीआयएफआरचे संचालक झालेल्या एम. जी. के. मेनन यांच्या कारकिर्दीत काम पुढे चाललं आणि फेब्रुवारी 1970 मध्ये दुर्बीण चालू झाली. ती आजही चालते.

ती चंद्राकडे बघायची म्हणे?

चंद्राच्या कडेकडे. दूरचा रेडिओस्रोत चंद्राच्या आड जातो तेव्हा त्याचा संदेश नेमका कधी आणि कसा मावळतो हे टिपलं, की स्रोताची जागा आणि आकार फार बारकाईने कळतो. 1962 मध्ये सिरिल हॅझर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात याच युक्तीने 3सी 273 या स्रोताची जागा हेरली आणि त्यातून क्वेसार, म्हणजे फार दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं, कळले. स्वरूप यांनी ते वाचून ठरवलं, की एखाद-दुसरा कशाला, शेकड्याने मोजू. चंद्र सगळ्यांचा आहे, फक्त त्याच्यामागे तासन् तास फिरेल अशी मोठी दुर्बीण हवी. उटीहून पुढे हजाराच्या वर क्षीण स्रोतांचे आकार मोजले गेले.

जयंत नारळीकर आणि स्वरूप यांचं वैज्ञानिक भांडण होतं का?

मतभेद होता, आणि मोठ्या विषयावर होता. नारळीकर फ्रेड हॉएल यांच्याबरोबर स्थिर-स्थिती विश्वाच्या बाजूने उभे होते. त्यांच्या मते विश्व कुठल्याही काळी सरासरी सारखंच दिसतं. 1975 मध्ये स्वरूप आणि कपाही यांनी उटीच्या मोजणीतून दाखवलं, की क्षीण म्हणजे सरासरीने दूरचे स्रोत ज्या प्रमाणात लहान दिसतात ते न बदलणाऱ्या विश्वाशी जुळत नाही. पूर्वीचं विश्व वेगळं होतं, म्हणजे महास्फोटाच्या (बिग बँगच्या) बाजूने पुरावा.

त्या वेळी नारळीकर कुठे होते? 1972 पासून टीआयएफआरमध्येच! एकाच संस्थेत एक गट विश्वाचं एक चित्र मांडतोय आणि दुसरा गट त्याविरुद्धचा पुरावा गोळा करतोय. नारळीकर पुढेही प्रचलित महास्फोट सिद्धांताला प्रश्न विचारत राहिले. 1988 मध्ये त्यांची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली ती पुणे विद्यापीठाच्याच आवारात, एनसीआरएच्या शेजारी.

सगळंच यशस्वी झालं का?

नाही. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी विषुववृत्तावर 2 किलोमीटर लांब आणि 50 मीटर रुंद दुर्बीण उभारायची कल्पना मांडली. विषुववृत्तावर डोंगरही नको, सपाट जमीन चालते. आधी केनिया, मग इंडोनेशिया अशा विकसनशील देशांनी मिळून ती बांधावी असा बेत होता. बरीच वर्षं पत्रव्यवहार झाला, दौरे झाले, पण दुर्बीण झाली नाही.

मग खोडद कसं सुचलं?

1980 च्या सुमारास अमेरिकेत व्हीएलए ही 27 तबकड्यांची दुर्बीण सुरू झाली आणि लांबट पन्हळीचे दिवस संपल्यात जमा झाले. पण व्हीएलएचा मुख्य भर लहान लहरींवर होता. मीटरभर लांबीच्या लहरींचा प्रांत जवळपास मोकळा होता. 1984 च्या सुरुवातीला स्वरूप यांनी जुने आराखडे बाजूला ठेवून मोठ्या, फिरत्या तबकड्यांचा विचार मांडला. सरकारची मंजुरी 1987 मध्ये मिळाली. नव्वदीच्या दशकात बांधकाम झालं आणि 2001 मध्ये रतन टाटा यांच्या हस्ते जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, हिचं लोकार्पण झालं.

एकूण 30 तबकड्या, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. 14 तबकड्या मधल्या साधारण एक चौरस किलोमीटरमध्ये आणि उरलेल्या 16 इंग्रजी वाय अक्षराच्या तीन बाहूंवर दूरदूरच्या गावांत. सगळा पसारा 25 किलोमीटरचा. कोणत्याही दोन तबकड्यांची जोडी घेतली तर 435 जोड्या होतात. प्रत्येक जोडीचा मेळ संगणक घालतो आणि 25 किलोमीटरच्या एकाच दुर्बिणीइतकं बारीक चित्र मिळतं.

तबकड्या जाळीच्या का? त्यातून लहरी आरपार जात नाहीत का?

लहरीच्या लांबीपेक्षा भोक पुष्कळ लहान असलं तर लहरीला ती जाळी सलग पत्र्यासारखीच. जीएमआरटीवर सर्वांत लहान लहर आहे 21 सेंटीमीटरच्या आसपास, आणि जाळीची भोकं मध्यभागी 10 मिलिमीटर, कडेला 20 मिलिमीटर. तार जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. वारा आरपार जातो, म्हणून एवढ्या मोठ्या तबकडीलाही धिप्पाड सांगाडा लागत नाही. 16 नळीच्या कमानींमध्ये स्टीलचे बारीक दोर ताणून त्यावर जाळी बांधलेली आहे. या रचनेला त्यांनी "स्मार्ट" असं आद्याक्षरी नाव दिलं.

म्हणजे जुगाडच ना?

हा शब्द कौतुकाने वापरतात हे माहीत आहे, पण मला तो इथे पटत नाही. जुगाड म्हणजे हाताशी आहे त्यात कसंबसं भागवणं. स्वरूप यांनी आधी असा प्रश्न निवडला, की ज्याचं उत्तर लांब लहरींत आहे. लांब लहरींना जाळी चालते, जाळीला हलका सांगाडा चालतो, आणि बर्फ न पडणाऱ्या भागात हलका सांगाडा टिकतो. स्वस्ताई गणितातून निघाली. एवढ्याच पैशांत लहान लहरींची दुर्बीण करायला गेले असते तर खरोखरच जुगाड झाला असता.

जुन्नर तालुकाच का निवडला?

कारणं बरीच. मोठी शहरं लांब, भोवती डोंगरांची आड, त्यामुळे रेडिओ-गोंगाट कमी. वारा बेताचा. चुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसं उत्तरेला असल्याने आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, बऱ्यापैकी शांत, आणि तरीही 19 अंश अक्षांशामुळे दक्षिणेचं बरंचसं आकाश दिसतं. शिवाय पुणं दीड-दोन तासांवर, म्हणजे विद्यापीठही जवळ आणि कारखानदारीही.

ती शांतता राखणं मात्र दरवर्षी अवघड होत चाललंय. मोबाईल मनोरे, विजेच्या तारांच्या ठिणग्या, वाहनं, सगळंच त्रासाचं. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेची जुनी आखणी दुर्बिणीच्या जवळून जात होती म्हणून रेल्वे मंत्रालयाला ती सोडावी लागली. तालुक्यात यावर नाराजी आहे आणि ती समजण्यासारखी आहे. विज्ञानाची किंमत गावाने मोजायची आणि फायदा जगाने घ्यायचा, हा सवाल "देशाचा अभिमान" म्हणून टोलवता येत नाही.

जीएमआरटीने शोधलं काय? परग्रहवासी?

परग्रहवासी नाहीत. मूळ उद्देश होता बाल्यावस्थेतल्या विश्वातले हायड्रोजनचे प्रचंड ढग शोधायचा. तसे ढग सापडले नाहीत, कारण विश्वाच्या जडणघडणीची ज्या सिद्धांताने अपेक्षा दिली होती तोच मागे पडला. पण दुर्बिणीला कामाची ददात पडली नाही. गोलाकार तारकागुच्छांतले स्पंदक (पल्सार, म्हणजे ठरावीक ठोक्याने रेडिओलहरी पाठवणारे तारे), दीर्घिकांच्या समूहांतले महाकाय स्फोट, 150 मेगाहर्ट्झवर बहुतेक आकाशाचा नकाशा. ऑक्टोबर 2016 मध्ये युरोपचं शियापारेली यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण संदेश खोडदला ऐकू येत होता, आणि शेवटच्या क्षणांत तो तुटला तेही इथेच कळलं. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये, स्वरूप जाऊन जेमतेम सव्वा महिना झाला असताना, आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतल्या हायड्रोजनचं मापन जीएमआरटीवरून प्रसिद्ध झालं. 2023 मध्ये स्पंदकांच्या ठोक्यांवरून मंद गुरुत्वीय लहरींची चाहूल लागली, त्यातही या दुर्बिणीच्या नोंदी आहेत.

पुरस्कार कोणते? नोबेल का नाही?

भटनागर पुरस्कार 1972, पद्मश्री 1973, रॉयल सोसायटीची फेलोशिप 1991, हर्शेल पदक 2005, ग्रोट रेबर पदक 2007. नोबेलचं म्हणाल तर रेडिओ खगोलशास्त्राला ते मिळालं आहे. 1974 मध्ये मार्टिन राइल आणि अँटनी ह्यूइश यांना, आणि अनेक अँटेना जोडून चित्र काढायची राइल यांची पद्धतच खोडदला वापरतात. दुर्बीण बांधणाऱ्याला केवळ बांधल्याबद्दल नोबेल क्वचितच मिळतं.

आयसरशी त्यांचा काय संबंध?

संशोधन संस्था वेगळ्या आणि बी.एस्सी. शिकवणारी कॉलेजं वेगळी, ही फारकत त्यांना खुपायची. पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू, पदार्थवैज्ञानिक वि. गो. भिडे यांच्याबरोबर त्यांनी बारावीनंतर पाच वर्षांच्या सलग विज्ञान शिक्षणाचा आग्रह वर्षानुवर्षं धरला. 2006 मध्ये पुणे आणि कोलकात्याला आयसर, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, सुरू झाल्या, त्यामागे हा पाठपुरावा आहे.

खोडदला जाऊन दुर्बीण बघता येते का?

येते, पण आधी परवानगी घेऊन. उठून गेलं आणि फाटकातून आत शिरलं असं चालत नाही. मोबाईल बंद ठेवावा लागतो, "सायलेंट"वर नाही. सगळ्यात चांगला मुहूर्त 28 फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या वेळी तिथे मोठं विज्ञान प्रदर्शन भरतं आणि आसपासच्या शाळांची मुलं आपापले प्रयोग मांडून बसतात. पोरांचे प्रयोग बघायला वेळ ठेवा, नुसती तबकडी बघून निघू नका.

आमच्या मुलीला या क्षेत्रात जायचंय. कुठून सुरुवात करावी?

भौतिकशास्त्रात बी.एस्सी.-एम.एस्सी. किंवा इलेक्ट्रॉनिक्स, संगणक यांतली इंजिनिअरिंगची पदवी, दोन्ही वाटा चालतात. स्वरूप यांच्या गटात इंजिनिअरांचा दर्जा कधी दुय्यम नव्हता. कॉलेजात असतानाच एनसीआरए आणि आयुका मिळून भरवतात त्या रेडिओ खगोलशास्त्राच्या हिवाळी शाळेसाठी अर्ज करावा. पीएच.डी.साठी जेस्ट ही प्रवेश परीक्षा आहे. आणि तोवर थांबायचं नसेल तर जीएमआरटीच्या जुन्या निरीक्षणांचा साठा ठरावीक मुदतीनंतर सर्वांना खुला होतो. संगणक बरा आणि चिकाटी भरपूर असेल तर घरबसल्या त्यातून चित्र काढायला शिकता येतं.